आडनाव आधी, माणूस नंतर

'पंडिता रमाबाई सरस्वती' हे नाव एखाद्या स्प्रेडशीटमध्ये टाका आणि त्याचे 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे भाग पाडा. जिथे जागा सुटली आहे तिथे तोडायचं आणि शेवटचा तुकडा आडनाव म्हणून धरायचा, हा नेहमीचा नियम. उत्तर येतं: नाव पंडिता, मधलं नाव रमाबाई, आडनाव सरस्वती.

'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या आहेत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या दिल्या. नाव आहे ते फक्त मधलं. जन्मानं त्या डोंगरे. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, त्या नात्यानं मेधावी. १८८७ मध्ये अमेरिकेत त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघालं, तेव्हा त्यावरच्या नावात डोंगरेही नव्हतं आणि मेधावीही नव्हतं.

मग अकारविल्हे यादीत त्यांना कुठे बसवायचं? 'ड'मध्ये, 'म'मध्ये, 'स'मध्ये की 'र'मध्ये? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्यांची नोंद 'रमाबाई सरस्वती, पंडिता' अशी केली. म्हणजे 'र'मध्ये. हे उत्तर मला पटतं. पण ते कुठल्याही फॉर्म्युल्यातून आलेलं नाही. कुणीतरी बसून, ही बाई कोण होती हे वाचून ते ठरवलं आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. वेगवेगळ्या संस्थांकडून आलेल्या माणसांच्या याद्या एका साच्यात बसवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. कुणाच्या यादीत नाव आधी असतं, कुणाच्या आडनाव आधी, कुणाच्या दोन्हींच्या मध्ये स्वल्पविराम. यादी 'सॉर्ट' करायची म्हणजे आधी या सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला फिरवायची. इंजिनिअरिंगला असताना मला वाटायचं की हा पाच मिनिटांचा प्रश्न आहे. आता वाटतं, या प्रश्नाला पाचेकशे वर्षांचा तरी इतिहास आहे, आणि तो कुणी आपल्याला शिकवत नाही.

आधी देव, मग राजा, मग बाकीचे

यादी वर्णक्रमानं लावायची ही कल्पना आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की याहून वेगळं काही असू शकतं हेच सुचत नाही. पण जगातल्या बहुतेक जुन्या याद्या मानाप्रमाणे लावलेल्या असत. अमरकोश पाहा. त्याची सुरुवात स्वर्गापासून होते. मग पृथ्वी, नगरं, डोंगर, झाडं, प्राणी. माणसांपर्यंत आल्यावर ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग, शूद्रवर्ग हा क्रम. शब्द शोधायचा तर आधी त्या शब्दाची समाजातली जागा माहीत हवी. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी केलेला राज्यव्यवहारकोशही असाच वर्गवार आहे आणि त्याची सुरुवात राजवर्गानं होते.

गंमत म्हणजे वर्णांचा शिस्तशीर क्रम आपल्याकडे होताच, आणि तोही उच्चाराच्या स्थानांप्रमाणे लावलेला. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. जगातल्या फार थोड्या लिपींना असा तर्कशुद्ध क्रम आहे. पण त्या क्रमानं माणसांची यादी लावावी, असं फारसं कुणाला वाटलं नाही. कारण यादीत कोण आधी आणि कोण नंतर, हे आधीच ठरलेलं होतं.

युरोपात वेगळं काही नव्हतं. जिनोव्हाच्या जोव्हानी बाल्बी या धर्मगुरूनं १२८६ मध्ये 'कॅथोलिकॉन' हा लॅटिन कोश पुरा केला. तो वर्णक्रमानं होता आणि हा क्रम वाचायचा कसा, हे त्याला प्रस्तावनेत उदाहरणं देऊन समजावून सांगावं लागलं: 'आमो' आधी येतो आणि 'बिबो' नंतर, कारण ए आधी येतो आणि बी नंतर. आज पहिलीतल्या मुलालाही जे सांगावं लागत नाही ते त्या काळच्या विद्वानांना सांगावं लागत होतं.

माणसांच्या बाबतीत तर हे आणखी उशिरा आलं. हार्वर्डमध्ये अठराव्या शतकात बराच काळ विद्यार्थ्यांची यादी त्यांच्या घराण्याच्या प्रतिष्ठेप्रमाणे लागत असे. वर्णक्रम आला तो १७७० च्या आसपास. राज्यपालाचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा यांच्यात कोण आधी हे आता फक्त अक्षरावर ठरणार होतं. आपण ज्याला कंटाळवाणी 'ए टू झेड' यादी म्हणतो, ती त्या काळात बरीच बंडखोर गोष्ट होती.

स्वल्पविरामाचा जन्म

वर्णक्रम मान्य केला तरी एक प्रश्न उरतोच: कुठल्या शब्दाचा वर्ण?

१५४५ मध्ये झ्युरिचच्या कॉनराड गेसनरनं 'बिब्लिओथेका युनिव्हर्सालिस' नावाची प्रचंड ग्रंथसूची छापली. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषांतले ज्ञात लेखक, वर्णक्रमानं. पण क्रम कशाचा? तर पहिल्या नावाचा. सगळे योहानेस एकत्र, सगळे पेट्रुस एकत्र. त्याच्या दृष्टीनं हे रास्तच होतं, कारण माणसाचं नाव म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं नाव. आडनाव हे एकाच नावाची दोन माणसं वेगळी ओळखता यावीत म्हणून मागाहून लावलेलं शेपूट.

बरोबर पन्नास वर्षांनी, १५९५ मध्ये, लंडनचा पुस्तकविक्रेता अँड्र्यू मॉन्सेल यानं इंग्रजी पुस्तकांची सूची काढली. त्यानं गेसनरची पद्धत नाकारली आणि लेखकांना आडनावाखाली लावलं. त्याचं कारण दुकानदाराचं होतं. इंग्लंडात जॉन आणि विल्यम नावाची माणसं इतकी, की गिऱ्हाईक पुस्तक मागतं ते आडनावानं. म्हणून आडनाव पुढे, नाव मागे.

आज एक्सेलमध्ये आपण जो खेळ करतो, म्हणजे नाव तोडायचं, शेवटचा तुकडा पुढे आणायचा, स्वल्पविराम द्यायचा, बाकीचं मागे चिकटवायचं, त्याचं मूळ हे असं आहे. एका देशातल्या एका धंद्याची एका काळातली सोय. तिथे ती उत्तम चालली. अडचण झाली ती ही सोय जगाचा नियम झाल्यावर.

बिन, वलद, कोम

आपल्याकडच्या जुन्या मोडी कागदांत माणूस कसा ओळखला जायचा? 'अमुक बिन तमुक'. म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. काही कागदांत 'बिन'ऐवजी 'वलद'. बाई असेल तर 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. जुन्या फेरफारांमध्ये आणि सातबाऱ्यांवर हे शब्द आजही सापडतात. शिवाय 'मौजे' लावून गावाचं नाव.

माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला ही पद्धत बघून आनंद होतो. कारण इथे प्रत्येक तुकड्याला लेबल आहे. 'बिन'च्या पुढे बाप, 'कोम'च्या पुढे नवरा, 'मौजे'च्या पुढे गाव. नाव कुठल्याही क्रमानं लिहा, अर्थ बिघडत नाही. नंतर काय झालं? लेबलं गळून पडली आणि उरले तीन शब्द: नाव, बापाचं नाव, आडनाव. आता अर्थ फक्त जागेवरून लावायचा. मधला शब्द बाप आहे की नवरा, हे नुसतं नाव वाचून कळत नाही. तो अंदाजानं ठरवायचा.

आडनावं त्या काळी नव्हती असं नाही. पण ती नावाचा सक्तीचा भाग नव्हती. पेशवे भट घराण्यातले, पण इतिहास त्यांना बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव म्हणून ओळखतो. नाव आणि बापाचं नाव, संपलं. 'बल्लाळ' हे आडनाव आहे असं समजणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचा दोष नाही. तीन तुकड्यांची सवय लागलेल्या डोळ्याला शेवटचा शब्द आडनावच दिसतो.

ही सवय लावली ती शाळा, विद्यापीठं, कचेऱ्या आणि नोकऱ्यांच्या याद्यांनी. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं. १८६२ मध्ये त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांचीही नावं एकाच साच्यातली. नाव, वडील, आडनाव. 'सुशिक्षित मराठी माणसाचं नाव' असं आपण आज ज्याला म्हणतो तो आकार इथे अगदी पक्का दिसतो.

एकदा नोंद झाली की आडनाव गोठतं. त्याआधी ते बरंच वाहतं होतं. फुले घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून फुले झालं. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, आंबडवे गावावरून आंबडवेकर, आणि शाळेच्या नोंदीत आंबेडकर. शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ पुढे देशाच्या राज्यघटनेशी जोडली गेली.

सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे तीन चरित्रकोश या दृष्टीनं बघण्यासारखे आहेत. प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) आणि अर्वाचीन (१९४६). एकाच माणसानं केलेलं हे काम. प्राचीन कोशातल्या व्यास-वसिष्ठांना आडनाव नाही. अर्वाचीन काळातल्या माणसांना आडनावाशिवाय ओळखणं अवघड. दहावीच्या गुणपत्रिकेवर तर कंसात स्पष्ट सूचनाच छापलेली असते: 'सरनेम फर्स्ट'. ज्ञानेश्वरांना या गुणपत्रिकेत काय लिहिलं असतं, हा प्रश्न मी कधीकधी स्वतःला विचारते.

यादीसाठी माणसं बदलली

यादी माणसांप्रमाणे बनते, असं आपण धरून चालतो. उलटही होतं.

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश राज्य होतं. तिथल्या अनेकांना घराण्याचं आडनावच नव्हतं, त्यामुळे कर गोळा करणाऱ्यांची पंचाईत व्हायची. १८४९ मध्ये गव्हर्नर नार्सिसो क्लाव्हेरिया यानं हुकूम काढला आणि आडनावांची एक वर्णानुक्रमे छापलेली यादीच पाठवून दिली. त्यातून आडनावं वाटायची. काही गावांना यादीतलं एखादंच पान किंवा एखादंच अक्षर मिळालं आणि तिथल्या घरांची आडनावं आजही एकाच अक्षरानं सुरू होतात. इथे यादी आधी आली, नावं नंतर.

थायलंडनं १९१३ मध्ये कायद्यानं आडनावं आणली, तुर्कस्ताननं १९३४ मध्ये. मुस्तफा कमाल यांना 'अतातुर्क' हे आडनाव मिळालं ते याच कायद्यानंतर. थायलंडमध्ये मात्र लोकांनी आडनाव घेतलं आणि बाजूला ठेवलं. तिथे आजही माणूस पहिल्या नावानं ओळखला जातो आणि याद्याही पहिल्या नावानं लागतात.

आपल्या पिढीचं उदाहरण तर स्प्रेडशीटचंच आहे. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशी होती. एक्सेल ती तारखा समजून १ मार्च आणि १ सप्टेंबर करून टाकायचं. संशोधकांच्या तक्त्यांत वर्षानुवर्षं हा घोळ होत राहिला. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं ती जनुकंच नव्यानं नावारूपाला आणली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकांचं बारसं करणं सोपं गेलं. जनुकांना त्याचं काही वाटत नाही. माणसांना वाटतं.

तमिळ माणसाला विचारा. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या नावातला 'एम' म्हणजे मदुराई, 'एस' म्हणजे षण्मुखवडिवू, त्यांची आई. सुब्बुलक्ष्मी हे त्यांचं स्वतःचं नाव. विश्वनाथन आनंद यांच्यातलं विश्वनाथन हे वडिलांचं नाव, आनंद त्यांचं. पण 'शेवटचा तुकडा आडनाव' हा नियम लावला की सुब्बुलक्ष्मी आणि आनंद ही आडनावं होतात. शेजारच्या तेलुगूत आणखी वेगळं. पी. व्ही. नरसिंह राव यांच्यातला 'पी' म्हणजे पामुलपर्ती, आणि तेच घराण्याचं नाव. म्हणजे आडनाव आहे, पण ते सगळ्यात आधी, तेही एका अक्षरात.

हंगेरीत आणि चीन-जपानमध्ये आडनाव मुळातच आधी येतं. जपान सरकारनं तर २०२० पासून सरकारी कागदांवर रोमन लिपीतही आडनाव आधी लिहायचं ठरवलं. स्पॅनिश लोकांना दोन आडनावं असतात, आधी बापाचं आणि मग आईचं, त्यामुळे गाब्रिएल गार्सिया मार्केस 'ग'मध्ये लागतात, 'म'मध्ये नाही. पोर्तुगीज पद्धतीत याच्या उलट, आईचं आधी आणि बापाचं शेवटी, आणि गोव्यातल्या जुन्या नोंदी पाहणाऱ्याला दोन्ही पद्धतींतला फरक माहीत असावा लागतो. व्हान गॉग नेदरलँड्समध्ये 'जी'खाली सापडतात, तर शेजारच्या बेल्जियममध्ये 'व्हान' असलेली आडनावं 'व्ही'खाली लागतात. आइसलँडमध्ये घराण्याची आडनावं जवळपास नाहीतच. तिथली टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या नावानं लागायची आणि कुणाचं काही अडलं नाही.

अडतं ते सीमेवर. भारतात अनेकांना एकच नाव असतं. पासपोर्टमध्ये ते आडनावाच्या रकान्यात गेलं आणि नावाचा रकाना रिकामा राहिला, तर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक म्हणून प्रवेश मिळणार नाही असं जाहीर केलं. एक रकाना रिकामा आहे, म्हणून माणूस विमानतळावरून परत.

बायका यादीत कुठे असतात

१८८५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजलेला खटला 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' या नावानं कायद्याच्या पुस्तकांत आहे. लहानपणी झालेलं लग्न मला मान्य नाही, मी नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं म्हणणारी ही बाई. खटल्याच्या शीर्षकात तिच्यापुढे बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. नवऱ्याचं नाव लावावं तर खटलाच त्या नात्याविरुद्ध. पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी अनेक वर्षं काम केलं. कायद्याच्या पुस्तकातली ती एकशब्दी नोंद मला त्या काळातल्या कुठल्याही तीन शब्दी नावापेक्षा पुरी वाटते.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण उलट आहे. माहेरी त्या यमुना गणपतराव जोशी. लग्नानंतर आनंदी गोपाळ जोशी. पहिलं नाव बदललं, मधलं बदललं, आडनाव तेवढं योगायोगानं तेच राहिलं. आडनावानं लावलेल्या यादीत त्या दोन्ही वेळा 'ज'मध्येच असतील आणि काही बदललं आहे असं यंत्राला वाटणारही नाही. प्रत्यक्षात एक मुलगी पुरती पुसून दुसरं नाव लिहिलं गेलं होतं.

आणि मग १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहून खळबळ उडवणाऱ्या विभावरी शिरूरकर. लग्नाआधी बाळूताई खरे, लग्नानंतर मालती बेडेकर, पुस्तकावर विभावरी शिरूरकर. ख, ब, श. एकाच बाईचे तीन तुकडे यादीत तीन ठिकाणी. जुने ग्रंथपाल यावर एक साधा उपाय करत: एका नावाखाली मुख्य नोंद आणि बाकीच्या नावांपाशी 'पाहा' असं लिहून तिकडे बोट. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हा 'पाहा' नसतो.

त्याच काळातले पुरुष लेखक कसे येतात बघा. ना. सी. फडके, पु. ल. देशपांडे. जन्मापासून मरेपर्यंत तीच अक्षरं. त्यांची यादी लावणं सोपं आहे, कारण त्यांना कुणी मध्येच दुसऱ्या पानावर हलवलं नाही.

हे सगळं माझ्यासाठी पुस्तकी नाही. माझ्या आईची तीन नावं आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं. लग्नात सासरच्यांनी पहिलं नावही बदललं, ते रेशनकार्डावर. आणि आधार कार्डावर या दोघांचं मिश्रण. आजोबा गेल्यावर वारसनोंदीची वेळ आली. मामांची कागदपत्रं एका फेरीत झाली. शाळेत जे नाव तेच सगळीकडे. आईला मात्र 'या नावाची बाई तुम्हीच कशावरून' या प्रश्नासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जुनी नोंद, लग्नाचा पुरावा अशी वही भरत गेली. संबंधित कचेरीतला माणूस वाईट नव्हता. त्याच्या समोरच्या स्क्रीनवर एकच रकाना होता आणि त्यात जे होतं ते आईच्या हातातल्या कागदाशी जुळत नव्हतं. तिच्या खेपा आठ महिने चालल्या. त्या काळात एका मामेभावानं सहज म्हणून सुचवलंही, "आत्या, एवढ्या खेपा घालण्यापेक्षा हक्क सोडून दे ना."

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, केंद्रानं २००५ मध्ये. कायदा बदलायला कित्येक दशकं लागली. तो हक्क घ्यायला जाताना नाव जुळत नाही म्हणून किती जणी दारातून परत फिरल्या असतील, याचा मी अनेकदा विचार करते. आई फिरली नाही. सातबाऱ्यावर आज तिचं नाव आहे, माहेरच्या पहिल्या नावासकट.

अक्षरक्रम निरागस नसतो

वर्णक्रमानं राज्यपालाचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा एका रांगेत आणले, हे खरं. पण आडनावावर लावलेल्या वर्णक्रमात आडनाव सगळ्यात पुढे येतं, आणि महाराष्ट्रात आडनाव म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. नाव सांगितल्यावर "पूर्ण नाव काय?" असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वडिलांच्या नावात रस नसतो.

यादी आडनावानं लावली की जातीचे गठ्ठे आपोआप शेजारी येतात. वाचणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी डोळा आधी आडनाव वाचतो आणि माणसाचा अंदाज बांधून मगच नावाकडे जातो. तमिळनाडूत हे ओळखून पावलं उचलली गेली. १९२९ च्या चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातिवाचक नावं सोडण्याचा ठराव झाला, आणि पेरियार यांनी स्वतःच्या नावातलं 'नायकर' काढून टाकलं. तमिळ नावात आज आडनावाचा रकाना रिकामा दिसतो त्यामागे ही चळवळही आहे. आमच्या सॉफ्टवेअरला मात्र ती 'अपुरी माहिती' वाटते आणि ते लाल रंगात चूक दाखवतं.

नुसत्या अक्षराचाही परिणाम होतो. अर्थशास्त्रातल्या शोधनिबंधांवर लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमानं देण्याची प्रथा आहे. लिरान आइनाव आणि लीत यारिव्ह यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेतल्या नामांकित अर्थशास्त्र विभागांत ज्यांचं आडनाव वर्णमालेत आधी येतं त्यांना कायम नेमणूक मिळण्याची शक्यता जास्त होती. मानसशास्त्रात, जिथे वर्णक्रमाची प्रथा नाही, तिथे असा परिणाम दिसला नाही.

आणि वर्णक्रम तरी कुणाचा? मराठी वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. पण युनिकोडच्या तक्त्यात देवनागरी अक्षरांचे क्रमांक सगळ्या भाषांसाठी एकच, आणि तिथे 'ळ' बसला आहे 'ल'च्या लगेच पुढे. नुसत्या क्रमांकांवर यादी लावली तर 'काळे' येतात 'कासार'च्या आधी. मराठी कोशात ते नंतर यायला हवेत. रोमनमध्ये लावली तर 'काळे' आणि 'काले' एकच होऊन जातात.

मग करायचं काय

कामाचं बोलायचं तर मी आता दोन गोष्टी पाळते. पहिली: नाव तोडायचं नाही. माणसानं जसं लिहिलं तसं पूर्ण नाव एका रकान्यात ठेवायचं आणि पत्रावर, प्रमाणपत्रावर, पडद्यावर तेच छापायचं. दुसरी: क्रम लावण्यासाठी वेगळा रकाना ठेवायचा आणि शक्य असेल तिथे त्या माणसालाच विचारायचं, तुम्हाला यादीत कुठे शोधायचं? सुब्बुलक्ष्मी 'स' सांगतील, नरसिंह राव 'प' सांगतील, आणि ज्याला आडनाव सांगायचं नाही तो नाव सांगेल. याशिवाय जुनी नावं पुसायची नाहीत, 'पाहा' म्हणून जोडून ठेवायची. हे तीन जादा रकाने साठवायला आज जवळजवळ काहीच खर्च येत नाही. सुरुवातीच्या संगणकांत एकेका अक्षराची जागा मोजावी लागायची, तेव्हाची काटकसर समजण्यासारखी होती.

महाराष्ट्र सरकारनं एक पाऊल उचललं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर चार भागांत लिहायची आहेत: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. विवाहित बाईसाठी मात्र स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही जुनी रीत चालू ठेवली आहे, आणि मालमत्तेच्या कागदांवर लग्नाआधीचं नाव लावण्याची मुभा दिली आहे. ती मुभा का द्यावी लागली असेल, हे आईबरोबर आठ महिने फिरलेल्या मला कुणी समजावून सांगायला नको.

तीन तुकड्यांवर बेतलेली सॉफ्टवेअर यापुढे अडखळणार. आईचं नाव 'मधल्या नावा'त जाईल, वडिलांचं नाव आडनावाला चिकटेल, कुठेतरी अक्षरांची मर्यादा संपून आडनावाचं शेपूट कापलं जाईल. ही मुलं २०३० च्या सुमारास पहिलीत जातील आणि त्यानंतर दहा वर्षांनी दहावीला बसतील. त्यांच्या गुणपत्रिकेवर कंसात काय छापलेलं असेल, हे तोवर कुणाला तरी ठरवायला हवं. आई तिथे फक्त एक जादा शब्द म्हणून असणार की तिच्या नावानंही माणूस शोधता येणार, हे त्या वेळी रकाने आखणाऱ्यांच्या हातात असेल. त्यांत माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील, आणि आम्ही आत्तापासून यावर भांडायला सुरुवात केलेली बरी.